नाना बालवाडीत बसले

नानांच्या सदऱ्यावर पिवळा स्टिकर लागला, तेव्हा सून स्नेहलने ओढणीआड हसू दाबलं. गोजराबाईंनी दाबलं नाही.

"केरू, लोकल निघाला रे तू!"

"लोकल तर लोकल," नाना मांडी बदलत म्हणाले. "पन मास्तर, कशापायी ते तरी सांगा. माह्यात काय कमी पडलं?"

मास्तर म्हणजे संतोष. पॅकहाउसच्या मागच्या खोलीत, नव्या पांढऱ्या फळ्यासमोर तो इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता आणि स्वतःच्या बापाला रंग शिकवत होता.

"नाना, ते लोकल नाही. पिवळा म्हणजे प्रगतीपथावर."

"सत्तरीला?"

स्टिकर द्राक्षाच्या पेट्यांचे होते. हंगाम संपला तरी रिळं उरली होती, म्हणून संतोषने तीच वापरायची ठरवली. त्याच्या आराखड्यात हिरवा म्हणजे तयार मूल, पिवळा म्हणजे तयार होत असलेलं आणि लाल म्हणजे लक्ष द्यायला हवं असं. पण या घरात वाढलेल्या माणसाला हे रंग असे वाचता येणं अवघड होतं. पिंपळगावात कुणालाही विचारा. हिरवा एक्स्पोर्ट, पिवळा लोकल, आणि लाल म्हणजे घडातून सुटलेले मणी. ते बेदाण्याच्या शेडवर जातात.

आणि हे सगळं नानांनीच ओढवून घेतलं होतं.

श्रावणात नानांच्या पत्नी, कुसाबाई, गेल्या. तेव्हापासून नाना छाटणी, फवारणी आणि पाण्याची पाळी सोडून कशावर बोलत नव्हते. काल जेवताना संतोष आणि त्याची बहीण उज्वला यांची पुन्हा आईच्या बालवाडीवरून जुंपली. ही बालवाडी म्हणजे पॅकहाउसची हीच मागची खोली. जानेवारीत माल सुरू झाला की पॅकिंगच्या बाया कडेवर पोरं घेऊन यायच्या, आणि ती पोरं दिवसभर कुसाबाईंपाशी असायची. संतोषला इथं मुंबईच्या एका मोठ्या साखळीची शाळा आणायची होती. नवी फरशी, झोपाळे, गणवेश, पिंपळगावातून मुलं आणायला व्हॅन, आणि दारावर मोठ्या अक्षरात आईचं नाव. त्यांच्या मॅडम आज दुपारी करार घेऊन येणार होत्या. उज्वला नाशिकला बालवाडीच्या शिक्षिकांना शिकवायची. तिचं म्हणणं एवढंच होतं, की व्हॅनमधून येणारी मुलं आली की कडेवरून येणारी बाहेर बसतील.

"बाहेर कशाला बसतील? फीमध्ये सवलत देऊ," संतोष म्हणाला होता.

"कोण देणार? तू की मॅडम?"

तेव्हा नानांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"मी काय बालवाडीत गेलो नाय. तुम्ही दोघं पोरांना काय शिकवनार, ते उद्या मला शिकवा. पोरगं होऊन बसतो. ज्याच्यापाशी मला ऱ्हावंसं वाटंल, त्याची बालवाडी."

सगळ्यांना वाटलं, नाना चेष्टा करताहेत. पण सकाळी बागेतून येऊन, हातपाय धुऊन ते खरंच सतरंजीवर येऊन बसले. डोक्यावरची टोपी त्यांनी चार वर्षांच्या नातवाच्या डोक्यावर ठेवली. "मी बारका झालो, म्हंजे तू मोठा. तू सायेब. दोघांची शाळा तपासायची."

टोपी रुद्रच्या नाकापर्यंत आली. ती एका हाताने वर धरून साहेब शाळा तपासायला लागले. म्हणजे पालथे पडून फरशीवरच्या मुंग्या बघायला लागले.

"या मुंग्यांचं काहीतरी करा बाई," स्नेहल पुटपुटली. "महिना झाला. खडू ओढला, हळद टाकली. कुठून येतात, कुठं जातात, काही कळत नाही."

"शाळेत मधे बोलायचं नाही," संतोष म्हणाला. "मदतनीस, कार्ड द्या."

मदतनीस म्हणजे आपण, हे कळायला स्नेहलला क्षणभर वेळ लागला.

संतोषने कार्ड उंच धरलं. "नाना, हे काय आहे?"

"सफरचंद."

"इंग्रजीत?"

"कुठलं वान हाय ते सांग आधी. रंग लय भडक दिसू राह्यला. औषध मारलेलं दिसतंय."

"नाना, फक्त ॲपल म्हणायचं."

"गोजराक्का, तू म्हन. तू मोठी हायेस."

"मी नाय म्हननार," गोजराबाई म्हणाल्या. "माह्या कवळीला ते चालत नाय."

नानांची ही थोरली बहीण कालपर्यंत पूर्णपणे संतोषच्या बाजूने होती. व्हॅन येणार, तिच्यावर भावजयीचं नाव असणार, गावात दुसऱ्या कुणाकडे असं नाही, एवढं तिला पुरे होतं. संतोषलाही तिचाच भरवसा होता, म्हणून पहिला कागद त्याने तिला दिला. कागदावर ठिपक्या-ठिपक्यांच्या उभ्या आडव्या रेघा होत्या. त्यावरून पेन्सिल फिरवायची.

गोजराबाईंनी चष्मा लावला. मान लावून काम केलं. कागद परत आला, तेव्हा त्यावर तुळशीवृंदावन होतं, दोन बाजूंना दोन पणत्या होत्या आणि कडेने वेल.

"आत्या, हे काय?"

"ठिपके दिले ना तू? मंग रांगोळी नाय काढायची तर काय करायचं?"

"रेघेवरून जायचं होतं."

"रेघ होती कुठं? ठिपके होते."

संतोषने डोकं खाजवलं. साखळीच्या मॅडमनी प्रशिक्षणात सांगितलं होतं, की नियम पहिल्याच दिवशी ठाम ठेवा, नाहीतर मुलं डोक्यावर बसतात. त्याने लाल स्टिकर काढला आणि आत्याच्या खांद्यावर लावला.

नाना हळूच म्हणाले, "गेली बेदाण्याला."

"मला मन्यांत टाकलं?" गोजराबाई उठायलाच लागल्या. "ह्याच हातांनी तुझं ढुंगण धुतलं रे मी, संत्या! आन मला मन्यांत?"

"आत्या, लाल म्हणजे फक्त लक्ष द्यायला हवं..."

"आन ही?" त्यांनी उज्वलाकडे बोट केलं. उज्वला तोंडावर बोट ठेवून, पाठ ताठ करून बसली होती. तिच्या खांद्यावर हिरवा होता. "ही एक्स्पोर्ट?"

"ताईने सांगितलेलं सगळं केलं."

"ती पहिल्यापासूनच एक्स्पोर्ट. गेली ती गेली. नाशकाहून इथं यायला बाईला मुहूर्त लागतो."

उज्वलाने तोंडावरचं बोट काढलं नाही. बरंच होतं ते तिथं. आईच्या आजारपणात ती दर शनिवारी यायची. पण आई गेली ती मंगळवारी.

संतोषने वातावरण सावरायला चॉकलेटं काढली. हिरव्याला दोन, पिवळ्याला एक.

"आन मला?" लाल गोजराबाईंनी हात पुढे केला.

"तुम्हाला उद्या. हिरवा मिळवलात की."

"आसं?" त्यांचा आवाज खाली आला, आणि संतोष लहानपणापासून याच आवाजाला घाबरत होता. "कुसाच्या वर्गात जे पोरगं आलंच नाय, त्याचाबी वाटा काढून ठेवायची ती. ठाव हाय ना? दिवस मावळेपत्तुर वाट बघायची. नाय आलं, तर त्या दिशी जो रडला आसंल त्याला तो वाटा. न आलेल्याला मिळायचं रे तिच्याकडं. मी तर समोर बसली हाय."

एवढं बोलून त्या सतरंजीवरच, पण संतोषकडे पाठ करून बसल्या. संतोषची एक बाजू पडली.

दुसरी पडायला फार वेळ लागला नाही. स्नेहल कार्डं गोळा करत होती. या खोलीत तिने सासूबाईंबरोबर चार हंगाम काढले होते. एका मांडीवर रुद्र आणि दुसरीवर सुरगाण्याच्या बाईची मुलगी, असं पाणी पाजलं होतं. तिने सहज विचारलं, "अहो, त्यांच्या शाळेत मी काय असणार?"

"तू ना? तू तर घरचीच."

"म्हणजे काय?"

"शिक्षिका त्यांच्या असतात. त्यांना कोर्स लागतो. तू बाकी सगळं बघायचं. डबे, नाकं पुसणं..."

स्नेहलने कार्डं त्याच्या हातात दिली. फार हळू दिली, फेकली नाहीत. मग ती सतरंजीवर जाऊन गोजराबाईंच्या शेजारी बसली.

"मला पण लाल लावा," ती म्हणाली.

त्याच वेळी संतोषचा फोन वाजला. मॅडम नाशिकच्या द्वारका चौकात अडकल्या होत्या. पुढे ट्रक आडवा झालाय म्हणे, वेळ लागेल. संतोषला आयुष्यात पहिल्यांदा द्वारकेचा चौक बरा वाटला.

"झाली तुझी शाळा?" नानांनी विचारलं.

"झाली," तो म्हणाला.

"आता उजीची."

उज्वलाने फळा भिंतीकडे फिरवला. सकाळपासून झाकून ठेवलेली चादर काढली. खाली रेतीची घमेली होती, पाण्याचा टब, जुन्या साड्या, रिकामे क्रेट, द्राक्षं भरायच्या प्लॅस्टिकच्या पारदर्शक डब्या आणि गोदेच्या काठचे खडे, तीन परड्यांमध्ये.

"आता काय करायचं?" नानांनी विचारलं.

"तुम्हाला वाटेल ते."

"म्हंजे काय?"

"म्हणजे वाटेल ते, नाना. मी काही सांगणार नाही. मी इथं बसून बघणार."

तिचा यावर फार विश्वास होता. मुलाला वेळ द्या, जागा द्या, हाताला येईल असं सामान द्या आणि गप्प बसा. मूल स्वतःचं शिक्षण स्वतः सुरू करतं. हे तिने शेकडो जणींना शिकवलं होतं. ती भिंतीला टेकून बसली. शिकवण्यापेक्षा गप्प बसणं अवघड असतं, असं ती नेहमी म्हणायची. आज तेच तिच्या वाट्याला आलं होतं.

सगळे एकमेकांकडे बघत राहिले, लग्नात पहिल्या पंगतीला कुणी बसायचं ते ठरत नसल्यासारखे. मग गोजराबाईंनी एक खडा उचलला. वजन केल्यासारखा तळहातावर झेलला आणि डबीत टाकला. स्नेहलने दुसरी डबी पुढे केली. नानांनी मोठे खडे एकीकडे सारले. "ह्ये वेगळे ठेवा. फुगवन चांगली हाय."

"बारीक माझ्याकडे द्या," स्नेहल म्हणाली.

"डाग पडलेला बघून टाक गं."

संतोष भिंतीपाशी उभा होता. त्याला राहवेना. "डबी पूर्ण भरा. वरून सपाट दिसली पाहिजे," तो म्हणाला आणि खाली बसला. क्रेटमध्ये डब्या लागल्या. साडीच्या चुंबळीवर क्रेट उचलून नानांनी तो दारापर्यंत नेला. "टेम्पो कोनता? ह्यो का?" कुणीतरी "हळू, हळू, घासेल!" म्हणून ओरडलं. घमेल्यातली रेती तशीच राहिली. पाण्यात कुणी बोटही बुडवलं नाही. बघता बघता खोलीत मार्चमधल्या ऐन हंगामाचं पॅकहाउस उभं राहिलं आणि चौघंही घामाघूम झाले.

उज्वला गप्प बसून बघत होती. सांगायचं नाही, असंच तिने ठरवलं होतं.

संतोषने शेवटची डबी बंद केली, बहिणीकडे बघितलं आणि खो खो हसत सुटला.

"ताई! तुझ्या मोकळ्या खेळात आम्ही माल भरला की गं!"

"मी नाही सांगितलं तुम्हाला!"

"नाही सांगितलंस? मग हे काय?" त्याने तिन्ही परड्या तिच्यासमोर ओढल्या. "मोठे, मध्यम, बारीक. प्रतवारी करून कुणी ठेवलेत?"

उज्वलाने परड्यांकडे पाहिलं. सकाळी सहा वाजता, चहा उकळेपर्यंत, काहीही विचार न करता तिनेच ते खडे निवडले होते. हाताला लागेल तसे, आकाराप्रमाणे. लहानपणी आईच्या शेजारी उभी राहून मणी निवडायची, तसे.

ती हसायला लागली. आधी नुसतं नाकातून, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "आपल्या घराला," ती म्हणाली, "आपल्या घराला ना, एखादं पोर हातात दिलं, तर आधी मण्यांच्या मापाची रिंग लावून बघू आपण!"

"लावलीच की संत्यानं सकाळी," गोजराबाई म्हणाल्या आणि खांद्यावरच्या लाल स्टिकरवर थाप मारली. सगळेच हसले. संतोषही. श्रावणापासून या घरात एकदम इतके जण हसले नव्हते, हे बहुधा सगळ्यांच्याच लक्षात आलं, कारण हसू एकाच वेळी थांबलं.

थांबलं, तेव्हा स्नेहल म्हणाली, "ताई, पण तुम्ही मधूनच सुरू केलंत. आई दारापासून सुरू करायच्या."

खरं होतं. कुसाबाई सकाळी उंबऱ्यात पाट टाकून बसायच्या. पोरांची रडारड तिथंच व्हायची आणि तिथंच मिटायची. उज्वलाच्या शिकवण्यातही पहिला धडा दाराचाच होता. आज तो तिने गाळला होता. का गाळला, ते तिला कुणी विचारलं नाही.

"हां, दार ऱ्हायलं," नाना म्हणाले. ते उठले, बाहेर गेले आणि दारात येऊन उभे राहिले. छातीवर पिवळा स्टिकर, पाय अनवाणी. "मी आत येत नाय. मला माही आई पाहिजे."

"नाना, नाटकं बास," संतोष म्हणाला.

"मी नाना नाय. मी पोरगं हाय. संत्या, तुझ्या शाळेत रडत्या पोराला काय सांगत्यात?"

"मम्मी पाच मिनिटांत येईल, असं सांगायचं. मग लक्ष दुसरीकडे वळवायचं."

"येती का पाच मिनटांत?"

"नाही. पण मूल विसरतं."

"उजे, तुझ्यात?"

उज्वला उंबऱ्याजवळ जाऊन खाली बसली. तिचा चेहरा आता नानांच्या गुडघ्यापाशी होता. "खोटं नाही सांगायचं," ती म्हणाली. "आई मालावर गेलीय. तुझं दूध होईल, मग खेळ, मग जेवण, मग झोप. झोपून उठलास की आई येईल. असं सांगायचं. घड्याळ मुलाला कळत नाही, पण दिवसात कशानंतर काय येतं ते कळतं. आणि एकदा खोटं बोललं, की दुसऱ्या दिवशी ते दार सोडत नाही."

"म्हंजे खरंच सांगायचं."

"हो."

"नेहमी?"

"हो नाना. सगळं त्याच्यावरच उभं असतं."

नानांनी मान वळवली. खोलीच्या कोपऱ्यात टोपी पालथी पडली होती आणि तिच्या बाजूला साहेब, मुंग्यांच्या रांगेबरोबर गुडघ्यांवर पुढे सरकत होते.

"मंग त्याला सांग," नाना म्हणाले.

श्रावणातल्या त्या मंगळवारी रुद्रने विचारलं होतं, आजी कुठंय. गोजराबाईंच्या तोंडून निघून गेलं, कळवणला गेली, माहेरी. त्या एका वाक्याला मग सगळ्यांनी हात लावला. स्नेहल म्हणाली, तिथं आजीची बहीण आजारी आहे. संतोष फोन कानाला लावून म्हणाला, हो आई, ये सावकाश. खुद्द नाना म्हणाले होते, तिकडं पाऊस लय, गाड्या बंद हायेत. उज्वला काही म्हणाली नव्हती. दर शनिवारी येऊन काही म्हणत नव्हती.

"नाना, आज नको," संतोष म्हणाला. त्याचा आवाज मास्तरांचा राहिला नव्हता. त्याला ही खोली फोडून नवी करायची होती, नवी फरशी, नव्या भिंती, म्हणजे दारातून आत आल्यावर तो पाट दिसणार नाही. गेल्या महिन्यात तो एकदाही इथं एकटा आला नव्हता. "दिवाळी झाल्यावर सांगू. तो विसरतोय हळूहळू."

"इसरतोय?" नाना म्हणाले. "बोलव त्याला."

बोलवावं लागलं नाही. 'कळवण' कुणी म्हटलं नव्हतं तरी त्याच्या कानांना काहीतरी कळलं असावं. रुद्र वजनकाट्यामागे हात घालून काहीतरी ओढत होता. द्राक्षाची डबी निघाली. मुंग्यांची रांग तिच्यापाशीच जात होती. डबीत अर्धी खारी होती, शेंगदाण्याच्या लाडवाचा तुकडा, वितळून पुन्हा घट्ट झालेलं चॉकलेट आणि आणखी काहीतरी, जे आता फक्त मुंग्यांना ओळखता आलं असतं.

"अगं बाई," स्नेहल म्हणाली. "इथं होय!"

"आजीचा वाटा आहे," रुद्रने सांगितलं. "ती आली नाही ना. म्हणून ठेवला." मग उज्वलाला विचारलं, "आत्तू, आज येणार आहे का?"

उज्वला उंबऱ्यातच बसली होती. तिने त्याला जवळ घेतलं नाही. आधी घेतलं असतं, तर मग सांगता आलं नसतं.

"नाही, रुद्र. आजी कळवणला गेलीच नाही. आम्ही तुला चुकीचं सांगितलं."

"मग देवीच्या गडावर गेली?"

"नाही. आजी मेली."

गोजराबाई पुढे सरकल्या. "अगं, देवाघरी म्हन तरी..." नानांनी हात वर केला. त्या थांबल्या.

"तिचं आजारपण खूप मोठं होतं," उज्वला म्हणाली. "डॉक्टरांनी औषध दिलं, पण बरं झालं नाही. मग तिचं अंग बंद पडलं. आता तिला चालता येत नाही, जेवता येत नाही. तिला काही दुखतही नाही."

रुद्रने विचार केला. दारातून समोरची बाग दिसत होती. छाटणी होऊन काही दिवसच झाले होते. मांडवावर नुसत्या काड्या उरल्या होत्या. एकही पान नव्हतं.

"वेली पण मेल्या," तो म्हणाला. "नानांनी कापल्या."

"त्या मेल्या नाहीत. बघशील तू, दिवाळीपर्यंत फुटतील."

"मग आजी पण दिवाळीला."

किती सोपं होतं हो म्हणणं. खोलीतल्या प्रत्येकाला ते म्हणावंसं वाटलं, आणि उज्वलाला सगळ्यांत जास्त.

"नाही," ती म्हणाली. "वेल परत फुटते. माणूस नाही फुटत. आजी येणार नाही. दिवाळीला नाही, नंतर पण नाही."

रुद्र रडला नाही. तो डबीकडे बघत राहिला. एक मुंगी त्याच्या अंगठ्यावर चढली, ती त्याने फुंकर मारून उडवली.

"संध्याकाळपर्यंत पण नाही?"

"नाही."

"मग वाटा?"

कुणाला लगेच कळलं नाही. गोजराबाईंना कळलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

रुद्र उभा राहिला. नियम त्याला पाठ होता. ज्यांनी तो घालून दिला, त्यांच्याच मांडीवर बसून त्याने तो रोज बघितला होता. तो एकेकाच्या समोर गेला आणि मान वर करून प्रत्येकाचं तोंड तपासलं. नानांसमोर बराच वेळ थांबला. नानांचे डोळे कोरडे होते. मोठ्या आजीने तोंड झाकलं होतं, तिचं काही दिसत नव्हतं. आई नाक पुसत होती, पण आईला रोजच सर्दी. आत्तू नुसती बसली होती.

संतोष फळ्याकडे तोंड करून उभा होता. कोऱ्या फळ्यावरचं काही वाचत असल्यासारखा. रुद्रने मागून त्याची पँट ओढली. संतोष वळला, आणि मग लपवण्यासारखं काही राहिलं नाही.

"पप्पांना," रुद्रने ठरवून टाकलं.

त्याने डबीतला लाडवाचा तुकडा काढला. मुंग्या झटकल्या, सगळ्या गेल्या नाहीत. संतोष खाली बसला, लेकाच्या उंचीला आला आणि तोंड उघडलं. लाडू कडक झाला होता. तो चावत राहिला आणि रडत राहिला. रुद्र त्याच्यासमोर उभा राहून वाटा नीट संपतोय ना, ते बघत होता.

"मुंग्या चावतात का?" त्याने विचारलं.

"थोड्या," संतोष म्हणाला.

"आजी म्हणायची, मुंग्या खाल्ल्या की पोहता येतं."

"हां," नाना म्हणाले. "मला बी आसंच सांगितलं व्हतं तिनं." आणि ते उंबऱ्यातून आत आले. भिंतीशी लावून ठेवलेला पाट काढला, तो दारात टाकला आणि त्याच्या शेजारी खाली, जमिनीवर, मांडी घालून बसले. पाटावर नाही. पाट त्यांनी उज्वलाकडे सरकवला.

ती स्नेहलकडे वळली. "वहिनी, तू बस आधी. जानेवारीत मी फक्त शनिवारची. रोज दारात तूच असशील."

"मला कोर्स लागतो ना," स्नेहल म्हणाली, पण नवऱ्याकडे बघत.

संतोषचं तोंड लाडवाने भरलेलं होतं. त्याने नुसती मान हलवली, नाही लागत. मग गिळून म्हणाला, "पण ताई, व्हॅन ठेवू गं. पिंपळगावची पण येऊ देत. सगळी एकाच दारातून."

"झोपाळे पण," उज्वला म्हणाली.

"आन माह्या ठिपक्यांना कुनी रेघा म्हननार नाय," गोजराबाई म्हणाल्या.

बाहेर गाडीचा दरवाजा लागला. उंच टाचांचा आवाज पॅकहाउसच्या लांब शेडमधून जवळ येत गेला. मॅडम दारात उभ्या राहिल्या. द्वारकेपासूनचा सगळा घाम त्यांच्या चेहऱ्यावर होता आणि हातात जाड फोल्डर. समोर छातीवर पिवळा स्टिकर लावलेला म्हातारा जमिनीवर बसला होता, लाल स्टिकरची म्हातारी डोळे पुसत होती, आणि ज्यांच्याशी करार करायचा ते गृहस्थ तोंडाला शेंगदाण्याचा कूट लावून फरशीवर उकिडवे बसले होते.

"सॉरी, उशीर झाला," मॅडम म्हणाल्या. "मिस्टर संतोष, आपण सुरू करू या?"

संतोषने उठायची घाई केली नाही. रुद्रचा हात त्याच्या खांद्यावर होता.

"मॅडम, जरा बाहेर थांबता का," तो म्हणाला. "आमचा वर्ग चालू आहे."

"आन चप्पल काढून या," नानांनी सांगितलं. "खाली मुंग्या हायेत."